एकवीसचा डाव

राणीसावरगावहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात हे गाव. दिवाळीला पुण्या-मुंबईची पुतणेमंडळी तेथे जमतात. यंदा त्यांनी झब्बू नि मेंढीकोट बाजूला सारून 'ब्लॅकजॅक' मांडायचे ठरवले आहे, तेही पैसे लावून. आणि भाऊबीज आटोपली की गोव्याला जाऊन 'खरा' डाव खेळायचा बेत आहे. सोयाबीनचे पैसे नुकतेच घरात आले आहेत. ताई विचारतात, "हा खेळ आहे तरी काय? आणि नको म्हणायचे, तर कशाच्या जोरावर म्हणू?"

प्रश्न रास्त आहे. नुसते 'जुगार वाईट' म्हटले की शिकलेली मुले हसतात. तेव्हा आधी खेळ समजून घेऊ.

ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसचा डाव. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पत्त्यावर असेल तो आकडा. गुलाम, राणी, राजा प्रत्येकी दहा. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. पैसे आधी लावायचे. मग प्रत्येकाला दोन पत्ते. बँकवाल्याचा एक उघडा, एक झाकलेला. बेरीज २१ च्या जवळ न्यायची. वर गेली की डाव गेला. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का नि दहाचे पान आले तर दहा रुपयांवर पंधरा मिळतात. मात्र काही टेबलांवर बाराच देतात. बसण्यापूर्वी ती पाटी वाचावी. बँकवाल्याला स्वतःची अक्कल चालवायची मुभा नसते: १६ पर्यंत पत्ता घ्यायचाच, १७ झाले की थांबायचे.

आता पैसे लावण्याचे प्रकार. दोन पत्ते पाहून रक्कम दुप्पट करता येते, पण मग एकच पत्ता मिळतो. बेरीज ११ असेल आणि समोर एक्का नसेल, तर हे करावे. सारखी जोडी आली तर तेवढेच पैसे आणखी लावून तिचे दोन डाव करता येतात. एक्के आणि अठ्ठ्या फोडाव्यात, दहाची जोडी कधीही फोडू नये. काही ठिकाणी निम्मे पैसे सोडून माघार घेता येते. आणि बँकवाल्याचा एक्का दिसला की 'विमा' पुढे येतो: त्याचे झाकलेले पान दहाचे निघाले तर विम्याच्या रकमेवर दुप्पट.

नाव विम्याचे, पण हिशेब करून पाहा. एका जोडातला तो एक्का गेला, उरले ५१ पत्ते. त्यांत दहाच्या किमतीचे १६. एक्कावन्न वेळा रुपया-रुपया लावला, तर सोळा वेळा दोन-दोन मिळून ३२ रुपये येतील आणि पस्तीस वेळा एकेक जाऊन ३५ जातील. तीन रुपये बँकेचे! आपल्या घरचा विमा असा नसतो. येथे वाचवायला घर नाही, ही नुसती दुसरी पैज आहे.

पण खरी मेख वेगळीच आहे. दोघांचे नियम सारखे वाटतात. फक्त आपण आधी खेळतो. आपली बेरीज २१ च्या वर गेली की पैसे त्याच क्षणी उचलले जातात. मागाहून बँकवालाही वर गेला, तरी ते परत येत नाहीत. बँकेची कमाई आहे ती एवढ्या 'आधी'ची. म्हणूनच त्याचा उघडा पत्ता चौका, पंजा वा छक्का असेल आणि आपली बेरीज १२ ते १६ असेल, तर शहाण्याने थांबावे. वर जायची जोखीम त्याला घेऊ द्यावी. असे पत्तान्‌पत्ता हिशेबाने खेळले आणि नियम उदार असले, तरी शंभरामागे साधारण अर्धा रुपया बँकेकडे जातो. बँकवाल्यासारखेच आंधळेपणाने १७ पर्यंत पत्ते घेत राहिले, तर साडेपाच. तासाला साठ डाव, दर डावाला पाचशे, म्हणजे तीस हजारांची उलाढाल. त्यातले सरासरी साडेसोळाशे तासाभरात गेले!

पुतणे म्हणतील, "काकू, पत्ते मोजून बँकेला हरवता येते." खरे आहे. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने १९६२ साली 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहून ते दाखवले. आपल्या नळराजाची गोष्ट आठवा: ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखवली आणि नळाला अक्षहृदय विद्या दिली, तेव्हा कुठे गेलेले राज्य परत आले. पण थॉर्पनंतर क्लबांनी एकाऐवजी अनेक जोड एकत्र पिसायला घेतले, आणि मोजणारा ओळखू आला की त्याला खेळू देत नाहीत.

कायद्याचेही सांगतो. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कौशल्याचा खेळ मानले. तो खटला सिकंदराबादचा, ताईंचा जिल्हा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्याच्या जुन्या जुगार कायद्याखालचा. तीन पत्तीला मात्र ती सवलत मिळाली नाही. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट दिली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याला संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली.

तेव्हा ताई, डाव जरूर मांडू द्या. पैशांऐवजी चिंचोके द्या, आणि एकच नियम घाला: बँक फिरती. दहा डाव एकाने वाटावे, पुढचे दहा दुसऱ्याने. म्हणजे 'आधी'चा तोटा आणि 'मागून'चा फायदा सर्वांच्या वाट्याला सारखा येईल. चिंचोक्यांची वही ठेवा. कोणाचे चिंचोके बँक असताना वाढले नि कोणाचे नसताना घटले, ते पोरांनाच लिहू द्या. मग गोव्याच्या बेताविषयी एवढेच विचारा, की तिथे बँक आपल्याकडे कधी येते? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सुचले, त्याला नको म्हणायची गरजच उरत नाही.