बोनिफेस आणि भटोबास

मध्ययुगीन युरोपच्या पेपरात पोप आठवा बोनिफेस येतो, म्हणून आम्ही त्याच्या सनावळ्या घोकल्या. १२९४ मध्ये पोपपद. १३०२ मध्ये, पोपच्या अधीन झाल्यावाचून कोणाही मानवाला मोक्ष नाही, असे फर्मान. १३०३ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या माणसांकडून धरपकड आणि लवकरच मृत्यू. पण तेराव्या शतकाच्या त्याच उत्तरार्धात आपल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरी, गोविंदप्रभूंच्या सेवेत राहून, नागदेवाचार्य तथा भटोबास महानुभाव पंथाची धुरा वाहत होते. त्यांच्यावर प्रश्न येत नाही. मग वाचतो कोण?

तुलनाच चुकीची, असे आमचे प्राध्यापक म्हणतील. एकाच्या हाती राजांना बहिष्कृत करण्याची सत्ता, दुसऱ्याच्या हाती भिक्षेची झोळी. मान्य! पण बोनिफेसची फर्माने लॅटिनमध्ये निघत. इकडे केशिराजबासांसारखा पंडित संस्कृतात लिहू लागला, तेव्हा भटोबासांनी हरकत घेतली, का तर म्हाताऱ्याकोताऱ्या नागवल्या जातील. माझी अकोल्याची आजी दुसरीपर्यंत शिकलेली. दिवाळीत तिला लीळाचरित्रातील एक लीळा वाचून दाखविली. काही शब्द तिला माझ्याआधी उमगले. "हे त आपलंच बोलनं व्हय," म्हणाली.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. १२९८ मध्ये बोनिफेसने जोगिणींना मठाच्या भिंतींआड राहण्याचा हुकूम काढला. आमच्या रिद्धपुरात मात्र भटोबासांची चुलत बहीण महदाइसा संन्यासिनी होऊन हिंडली, चक्रधरस्वामींना प्रश्न विचारून भंडावले आणि 'धवळे' रचून आद्य मराठी कवयित्री ठरली.

तरी एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढे पंथानेच आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांना ती किल्ली सापडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. ज्या म्हातारीसाठी मराठी धरली, तिच्याच दारी कुलूप! भटोबासांना हे रुचले असते, असे मला वाटत नाही.

बोनिफेसने १३०३ मध्ये रोमला विद्यापीठ स्थापिले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. आता तरी आम्ही तिकडे जाणार का? माझ्या तीन वर्षांत महाविद्यालयाची सहल दोनदा चिखलदऱ्याला गेली. यंदाच्या सहलीच्या यादीत मी रिद्धपूरचे नाव घातले आहे. सह्या अकराच झाल्यात.