रेडिओवरच्या दांड्या नेमकं काय मोजतात?



मागच्या वर्षी आमच्या पाचवीच्या वर्गात एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारे काका, आपला हातातला सेट घेऊन आले होते. काकांनी बोलण्याचं बटण दाबलं, पडद्यावर सगळ्या दांड्या भरल्या आणि पोरं ओरडली, "फुल्ल रेंज!" मीपण मान डोलावली. पलीकडून उत्तर मात्र आलंच नाही. बघितलं तर अँटेना नीट पिळून बसवलेली नव्हती. (अशाने सेट बिघडूही शकतो बरं का.)

मग दांड्या भरल्या कशा? काका म्हणाले, बोलताना दिसणाऱ्या दांड्या बऱ्याच हँडसेटमध्ये फक्त आपण निवडलेली पॉवर दाखवतात. हाय ठेवली की सगळ्या, लो ठेवली की एखाद-दोन. अँटेनातून खरंच किती वॉट बाहेर पडले, हे त्या मोजतच नाहीत. ऐकताना मात्र त्याच दांड्या समोरून येणारा सिग्नल किती जोरात आहे ते सांगतात. जागा एकच, अर्थ दोन! मोबाइलच्या सवयीमुळे आपण मोठेही इथे फसतो.

माझं स्पष्ट मत आहे, की उपकरणाची आकृती काढून नावं देण्यात आपण फार तास घालवतो. 'हे नेमकं काय मोजतं?' हा प्रश्न मुलांना विचारूच देत नाही.

आणि यात गणित किती आहे बघा. मोठ्या सेटवर एस-मीटर असतो, एस-१ ते एस-९. प्रमाणित मोजपट्टीत एकेक पायरी ६ डेसिबेलची, म्हणजे पॉवर चौपट. मग ५ वॉटऐवजी सव्वा वॉटवर बोललो, तर समोरच्याचा काटा उतरतो फक्त एक पायरी! एका मुलीने लगेच विचारलं, "मग सर, पाच वॉट कशाला जाळायचे?" अगदी बरोबर प्रश्न. सिग्नल चांगला असेल तर कमी पॉवर ठेवावी, बॅटरी वाचते. आवाज जेमतेम पोचत असेल तेव्हा मात्र ती एक पायरीच कामाला येते. छोट्या सेटच्या दांड्या इतक्या मोजून-मापून नसतात, हेही मुलांना सांगावं.

बॅटरीचं चिन्हही असंच. सेट नुसता ऐकत असताना भरलेलं दिसतं, बटण दाबलं की व्होल्टेज खाली येतं. म्हणून बॅटरी बघायची ती बोलत असताना. पुरात किंवा डोंगरात मोबाइल बंद पडल्यावर याच सेटवर निरोप जातात, तेव्हा हा फरक महागात पडू शकतो.

पालकांनो, हौसेने सेट विकत आणाल तर थांबा. आपल्याकडे त्यावर बोलायला परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. आमच्याकडेही बटण काकांनीच दाबलं.

यंदा काका पुन्हा येणार आहेत. मुलांनी वहीत दोन रकाने आखून ठेवलेत: 'पडद्याने काय सांगितलं' आणि 'पलीकडच्याने काय ऐकलं'.