डिस्चार्जनंतरचा आजार

व्हेंटिलेटरवरून सुटलेले मूल घरी आले, की उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, नवस फेडायची तारीख ठरते आणि आजारपण संपले असे सारे घर मानते. काही आठवड्यांनी तेच मूल रात्री किंचाळून उठू लागते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, पांढरा कोट दिसताच आईला बिलगते. घर म्हणते, ‘धसका घेतलाय, होईल कमी.’ बऱ्याच मुलांचा तो कमी होतोही. ज्यांचा होत नाही, त्यांची विचारपूस करणारे आपल्या आरोग्यव्यवस्थेत कोणी नाही.

ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या मुलांपैकी २१ टक्के मुलांत आघातोत्तर तणावविकार आढळला. साध्या वॉर्डातून घरी गेलेल्या मुलांपैकी एकाही मुलात नाही. मुलांची संख्या थोडी होती, पण पुढच्या अभ्यासांनीही तीच दिशा दाखवली. या विषयावरील संशोधनाचा २०१२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा पालकांमधील या विकाराचे प्रमाण साधारण १० ते २१ टक्के दिसले.

मुलाच्या मनात नेमके काय राहते, हे लंडनमधील मानसशास्त्रज्ञ गिलियन कोल्व्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांनाच विचारले. त्यांचा अभ्यास २००८ सालचा. सुमारे एक तृतीयांश मुलांनी प्रत्यक्षात न घडलेल्या, भयंकर भासांच्या आठवणी सांगितल्या. गुंगीची औषधे ज्यांना जास्त दिवस द्यावी लागली, त्यांच्यात असे भास अधिक होते आणि तणावाची लक्षणेही अशाच मुलांत अधिक होती. खऱ्या आठवणी असलेल्या मुलांत तसे दिसले नाही. तेव्हा ‘त्याला काही आठवत नाही, बरेच झाले’ हे आपले समाधान तपासून पाहायला हवे. काय घडले, नळी कशासाठी होती, आई कुठे बसली होती, हे मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगितलेच पाहिजे. युरोपातील उत्तरेकडच्या देशांत परिचारिका अतिदक्षता विभागातील रुग्णाची रोजची हकिकत वहीत लिहून ठेवतात आणि बरा झाल्यावर ती वही त्याच्या हाती देतात. त्यासाठी यंत्र लागत नाही. परिचारिकेला मोकळी दहा मिनिटे लागतात, आणि आपल्याकडे तीच मिळत नाहीत, कारण एकेका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असतो.

आईबापांची गोष्ट आणखी वेगळी. आजार किती गंभीर होता यापेक्षा ‘आपले मूल जाणार’ असे त्यांना किती तीव्रतेने वाटले, यावर त्यांचे पुढचे हाल अधिक अवलंबून असतात. आपल्याकडे या भीतीत भर पडते ती डिपॉझिटची, रात्री रक्त आणायच्या धावपळीची, न वाचता सही केलेल्या इंग्रजी संमतिपत्राची. भेटीची वेळ संपली की आई जिन्यात बसते. त्यात नातेवाइकांचा प्रश्न, ‘आधी का नाही आणलं?’ हा प्रश्न ती आई वर्षानुवर्षे स्वतःला विचारत राहते. पुढे कोणी पालक साध्या तापालाही घाबरून मुलाला शाळेत पाठवत नाही, तर कोणी रुग्णालयाची पायरीच टाळतो आणि मुलाची पुढची तपासणी राहून जाते.

म्हणून पहिली सुधारणा अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारापासून व्हावी. संसर्गाची काळजी घेऊन आईवडिलांपैकी एकाला खाटेजवळ राहू द्यावे, मुलाला हात लावू द्यावा. मुलाचे वागणे कसे बदलेल आणि आपण काय करायचे, हे आधीच समजावून सांगितलेल्या मातांना पुढे कमी त्रास होतो, असे अमेरिकेतील बर्नाडेट मेल्निक यांच्या अभ्यासाने २००४ मध्येच दाखवले आहे.

उरलेले काम सरकारचे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मुलाचे प्राण वाचतात, हे मोठेच काम आहे. त्याच पॅकेजमध्ये सहा आठवड्यांनी मूल आणि पालक दोघांची भेट धरावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला बालरोग विभागाशी जोडावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची २०१३ मध्ये सुरुवात झाली ती पालघरमधून. त्याची पथके अंगणवाडीत आणि शाळेत जातातच. ‘हे मूल कधी आयसीयूत होते का, आता झोपते कसे?’ एवढे त्यांनी विचारावे. मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, विमा कंपन्यांनाही मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. कायदा आहे, तो वॉर्डापर्यंत पोचवणे आरोग्य खात्याने आता लांबवू नये.

आणि ज्यांच्या घरात असे मूल आज आहे, त्यांना सांगणे एवढेच, की महिना उलटूनही मुलाची किंवा तुमची झोप परतली नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगा. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.