लक्ष कुठं आहे तुझं?

दूध उतू गेलं, पोळी करपली, की आपल्यापैकी प्रत्येकीनं हा प्रश्न ऐकलेला आहे. भाऊ खिडकीबाहेर बघत बसला तर तो विचार करतो. बहीण बसली तर ती वेंधळी!

मैत्रिणींनो, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मीही हाच प्रश्न एका बाईला विचारला. बचत गटाच्या बैठकीत मी हिशेबाची वही समजावत होते आणि ती दाराबाहेर बघत होती. सगळ्यांसमोर मी तिला टोकलं. ती ओशाळली. निघताना मात्र हळूच म्हणाली, "ताई, गिरणी टाकली तर म्होरं एक बाकडं ठिवावं म्हन्ते. दळण होईस्तोवर बायांना घडीभर बसता येईल."

आमच्या कर्जाच्या अर्जात भांडवल, हप्ता, नफा असे रकाने होते. बाकड्यासाठी रकाना नव्हता.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. बाईच्या हातांना उसंत नाही, हे आपण सतत मांडतो. पण जी घडीभर उसंत मिळते, तीत तिच्या मनावर पहारा कोण ठेवतं? घरात सासू, बैठकीत आपण.

"आधी पोटाचं बघू, स्वप्नं नंतर," असं आपलेच कार्यकर्ते म्हणतात. पोट भरण्याची नवी वाट तरी आधी कुणाच्या मनातच उमटते ना? रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या मासिकात आली. तिच्यातली बाई आरामखुर्चीत रेलून हिंदी स्त्रियांच्या स्थितीचा विचार करते आहे. डोळा लागला की नाही, हेही तिला सांगता येत नाही. तिला दिसतो बायकांनी चालवलेला देश : पुरुष पडद्यात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर! १९११ साली याच रुकैयांनी कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. नुसत्या स्वप्नानं शाळा उभी राहत नाही, हे खरं. पण ज्या बाईला स्वप्न बघायची बंदी, तिला शाळा काढायचं सुचणार कसं?

पुढच्या बैठकीत मी त्या बाईची सगळ्यांसमोर माफी मागितली. आता प्रत्येक बैठकीत अर्धा तास वही मिटलेली असते. अहवालात याचं काय लिहायचं, असं देणगीदार विचारतील. सरळ लिहा : बाया बसल्या होत्या. विचार करत होत्या.