कमकमबाईंचा दस्तऐवज

ज्यांनी सोसायटीत ब्लॉक घेतला आहे, त्यांना वकिलाच्या मसुद्यातली ‘विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे’ ही माळ पाठ झाली असेल. दोन हजार वर्षांपूर्वी अरबस्तानातल्या एका बाईंनी हीच माळ दगडात कोरून घेतली होती, हे सांगितले तर पटेल का?

बाईंचे नाव कमकम. गाव हेग्रा, आजच्या सौदी अरबस्तानात, अल्-उलाजवळ. लोक नबाती. दक्षिण अरबस्तानातला धूप आणि बोळ (आपल्या बाळंतिणींच्या ओळखीचा तोच हिराबोळ) उंटांवर लादून भूमध्य समुद्राकडे न्यायचा, हा त्यांचा धंदा. राजधानी पेट्रा. इ. स. १०६ मध्ये रोमच्या ट्राजन बादशहाने त्यांचे राज्य खालसा केले. त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहासग्रंथ एकही हाती आलेला नाही.

हेग्रातली मातीच्या विटांची घरे ढासळून गेली. राहिली ती थडगी, वालुकाश्माच्या डोंगरात कोरलेली १११. पाथरवट वेरूळच्या कैलासाप्रमाणे वरून खाली कोरीत येत. एक थडगे अर्धवट राहिले आहे, त्याचा माथा घोटीव आणि पायथा ओबडधोबड, त्यावरून ही रीत कळते.

कमकमबाईंचा लेख इ. स. पू. १ मधला, हारिथा राजाच्या नवव्या वर्षाचा. ‘कमकम, वाइलतची मुलगी, ती हरमूची मुलगी’ अशी आईच्या बाजूची वंशावळ आधी येते. थडगे बाई आणि त्यांची लेक कुलैबत यांनी स्वतःसाठी व आपल्या संततीसाठी करविलेले. नवऱ्याचा उल्लेख नाही! मग अटी. हे थडगे जो विकील, विकत घेईल, गहाण टाकील, बक्षीस देईल, आतले प्रेत वा त्याचा अवयव हलवील किंवा परक्याला आत पुरील, त्याला दुशरा, अल्लात आणि मनोतु या देवतांचा शाप. नुसत्या शापावर भागणार नाही, हे व्यापाऱ्यांच्या गावातल्या बाईंना ठाऊक असावे. म्हणून वर एक हजार सेला दंड, हारिथाच्या नाण्यांत.

तरीही हेग्राची थडगी लुटली गेलीच. पुढे संशोधक आले. हिनत नावाच्या दुसऱ्या एका बाईच्या थडग्यातल्या स्त्रीच्या कवटीवरून तिचा चेहरा घडवून तो २०२३ मध्ये लोकांपुढे मांडण्यात आला. कमकमबाईंच्या अटी तिथे लागू असत्या, तर तो हजार सेला कोणी भरला असता, कोण जाणे!

आणखी एका थडग्यावर लेखाची नक्कल देवळात ठेवल्याची नोंद आहे. ती नक्कल मात्र सापडलेली नाही.