भिंतीतला पंखा आणि वेल्डरचं नाक

मंडळी, एक प्रयोग करा. हातभर अंतरावरून मेणबत्ती फुंकून विझवा. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. नाही जमणार! हवा लांबवर ढकलता येते, लांबून ओढता येत नाही. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढं अंतर गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो.

तरीही अल बर्शाला लागून असलेल्या दुबईच्या अल कूझमधलं वर्कशॉप असो नाहीतर आपल्या कोल्हापूरकडची फाउंड्री, "व्हेंटिलेशन केलंय" म्हणजे बऱ्याचदा भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट फॅन. वेल्डर खाली, पंखा वीस फुटांवर. धूर आधी त्याच्या नाकात, मग पंख्याकडे. हा धूर कर्करोगकारक असल्याचं आयएआरसीने 2017 मध्येच ठरवलंय. इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उघड्या उन्हातलं काम बंद असतं. उत्तम! पण शेडमधल्या धुराबद्दल तो नियम काही बोलत नाही.

"ही फॉरेनची थेरं आम्हाला परवडत नाहीत" हे मला ऐकवू नका. आपल्याच 1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 14 मध्ये, लिहिलं होतं की धूळ-धूर ओढायची सोय उगमाच्या होईल तितकी जवळ हवी आणि ती जागा शक्य तेवढी बंदिस्त हवी. म्हणजे पत्र्याचा हूड, डक्ट, फिल्टर, ब्लोअर. हूडचं अंतर दुप्पट केलंत तर हवा जवळजवळ चौपट ओढावी लागते, म्हणजे विजेचं बिलही तुमचंच वाढतं!

मास्क वाटून फोटो काढणं सोपं आहे हो. मालक, मे महिन्यात तोच मास्क लावून आठ तास ग्राइंडिंग करून दाखवा आधी.