डब्याच्या आतले काम कोणाचे?

फेडरेशनच्या बैठकीसाठी दिल्लीला जाणे झाले. मुक्काम द्वारकेत, एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे. तिथे ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो पोचली. २००२ ते २००७ मध्ये घेतलेल्या मेट्रोच्या पहिल्या ७० गाड्यांचे निम्मे आयुष्य सरले, म्हणून त्यांचे नूतनीकरण हाती घेण्यात आले. प्रवासी सीट मोकळी आहे का ते पाहतो. आम्ही वर्कशॉपवाले आधी स्क्रू पाहतो.

हे काम आपल्याला नवे नाही. माटुंग्याचे कॅरेज वर्कशॉप १९१५ चे, जीआयपीच्या काळातले. आयसीएफ डब्याचे आयुष्य २५ वर्षांचे धरलेले. मधल्या वयात त्याला पुन्हा उभे करण्यासाठी १९८९ मध्ये भोपाळला स्वतंत्र कारखाना निघाला. सुतार पॅनेल व फ्लोअर बघतो, ट्रिमर बर्थचे रेक्झिन फाडून नवे चढवतो. आर.एम.एस.च्या डब्यात पोस्टाच्या बंधूंनी रात्र-रात्र जागून ज्या खणांत पत्रे लावली, त्या खणांनाही सुताराचाच हात लागत असे.

बंधूंनो, हे काम केवळ सजावटीचे नाही. संडासाखाली आणि दाराजवळ पाणी मुरते, तिथला पत्रा गंजतो. फ्लोअर उचलल्याशिवाय तो गंज दिसत नाही आणि फ्लोअर उचलतो तो सुतार. एका शॉपमध्ये ठेकेदाराच्या पोराने फळी उचलली, खालचा गंज पाहिला आणि फळी परत बसवली. मी विचारले तेव्हा म्हणाला, "मोजणी डब्यावर आहे. वेल्डर येईपर्यंत थांबलो तर आजचा रोज कोण देणार?" फळी आम्ही पुन्हा काढायला लावली. त्या पोरावर मात्र रागावता आले नाही. कायम कामगार असता तर त्याने हाक मारली असती, कारण थांबल्याबद्दल त्याचा पगार कापला जात नाही.

प्रशासन म्हणते, आता एलएचबी डबे आले, लाकूडकाम संपले. जानेवारी २०१८ मध्ये शेवटचा आयसीएफ डबा बाहेर पडला हे खरे. पण एलएचबीतही सीट फाटतात, पॅनेल सैल होतात, पाणी मुरते आणि ठरल्या मुदतीने तो डबाही वर्कशॉपात येतो. मग ट्रिमर निवृत्त झाला की त्याची जागा सरेंडर का होते?

ठेक्यावरची मुलेही आपलीच आहेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरावी, असे १९७० च्या कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते आहे. मात्र गंज सापडल्यावर थांबलेल्या तासाचा रोज कुणी द्यायचा, हे ठेक्याच्या कागदातच लिहून घ्यावे लागेल. वाटाघाटीत आपण तेच मागणार आहोत.

प्रत्येक शाखेने आपल्या शॉपमधील सुतार, ट्रिमर व पेंटर यांच्या मंजूर, भरलेल्या आणि सरेंडर झालेल्या जागांची यादी कार्यकारिणीच्या पुढील बैठकीपूर्वी कार्यालयाकडे पाठवावी. ठेक्यावरच्या मुलांची संख्या वेगळ्या कागदावर लिहावी.